काळ्या वावरात चार वर्षांच्या पोरीचे फोटो: उजेड घ्यायचा कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, मुलगी चार वर्षांची, पुण्यात वाढलेली. दिवाळीत आठवडाभर आजी-आबाजींकडे मुक्काम. वावरात, मोकळ्यावर तिचे छान फोटो हवेत. जवळ एक मोबाईल आणि १८-५५ लेन्सचा जुना डीएसएलआर आहे. मागच्या वर्षीच्या फोटोंत कुठे चेहरा काळा, कुठे डोळे बारीक, तर कुठे पोरगीच हललेली. नेमकं काय चुकतंय?

भाऊ, चेहरा काळा येणं आणि डोळे बारीक होणं ही खरं तर एकच तक्रार आहे. सूर्य पोरीच्या पाठीशी घेतला की चेहरा काळा पडतो. मग आपण तिला फिरवतो, तोंड उन्हाकडे करायला लावतो, की डोळे मिटतात. घरगुती फोटो या दोन टोकांमध्येच अडकतात. मधली जागा अशी की सूर्य कशाच्या तरी आड गेलेला आहे आणि पोरीच्या तोंडासमोर मात्र भलं मोठं मोकळं आभाळ आहे. चेहरा उजळतो तो त्या आभाळाने. एकदा हे डोळ्यात बसलं की वावरात शिरल्याशिरल्या तुम्ही आधी मागचं दृश्य बघणार नाही, पोरीचं तोंड कोणत्या दिशेला ठेवायचं ते बघाल. हललेल्या फोटोंचं कारण वेगळं आहे, त्याकडे पुढे येते.

त्याआधी आपल्या भागाची एक खास अडचण सांगते. कोकणात किंवा नदीकाठी फोटो काढणाऱ्याला ती जाणवत नाही. चेहऱ्यावर उजेड फक्त वरून येत नाही, खालूनही येतो. रेती, फरशी, वाळलेलं गवत यांच्यावर पडलेलं ऊन उलटून डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली जातं. आपली काळी माती मात्र उजेड पिऊन टाकते, परत काही देत नाही. म्हणून दुपारी वर्धा नदीच्या रेतीत उभं केलेलं पोर टवटवीत दिसतं आणि त्याच वेळी नांगरलेल्या वावरात उभं केलं तर रात्रभर जागल्यासारखं. आपल्याला वाटतं कॅमेरा खराब आहे.

पटत नसेल तर घरीच करून बघा. आबाजींचं धुतलेलं धोतर किंवा एखादी पांढरी चादर पोरीच्या पायांपुढे जमिनीवर अंथरा, फोटोत येणार नाही इतकी पुढे. धोतर असताना एक फोटो, काढून एक. डोळ्यांखालचा फरक आजीलासुद्धा दिसेल. हे धोतर मी आजही गाडीच्या डिकीत ठेवते, बाजारातला चंदेरी रिफ्लेक्टर स्टुडिओत धूळ खात पडलाय. चंदेरी पत्रा लहान मुलांच्या डोळ्यांवर चमकतो, त्यांना तो नको असतो. धोतराला कोणी घाबरत नाही.

दिवाळीच्या दिवसांत वावरात अशी धोतरं आयतीच पसरलेली असतात. सोयाबीन निघालेलं असतं, त्याच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, पिवळट ढीग धुऱ्यावर (बांधावर) पडलेला असतो. त्यावर ऊन असेल तर समोर चार-पाच हातांवर सावलीत उभ्या असलेल्या पोराच्या चेहऱ्यावर सोनेरी उजेड येतो. फक्त तिला त्या ढिगात लोळू देऊ नका, कुटार टोचतं आणि रात्रभर अंग खाजत राहतं. नुकत्याच वेचलेल्या कापसाचा ढीग तर सगळ्यात भारी. पांढरा, मऊ, पोरं स्वतःहून त्यात उड्या मारतात. पण कापूस ताजा हवा. घरात महिनोन् महिने साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते हे वऱ्हाडात घरोघरी माहीत आहे, त्यामुळे खोलीत भरून ठेवलेल्या जुन्या कापसात पोरीला बसवू नका. चुन्याने सारवलेली भिंत, सिमेंटचं खळं, ओसरीतली फिकट फरशी, हेही चालतं. पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या बाजूला गेलात तर उलटा प्रकार. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांध्यांत पाणी भरलेलं असतं आणि आख्खं आभाळ खालून चेहऱ्यावर येतं. तिथे ढगाळ दुपारीही फोटो फसत नाहीत.

आता तुमच्या वावरातली एक जागा नक्की करून देते, म्हणजे तिथे जाऊन प्रयोग करत बसायला नको. सोयाबीनमध्ये किंवा पऱ्हाटीत (कपाशीत) तुरीचे तास, म्हणजे ओळी, असतीलच. त्यातला असा एक निवडा ज्याच्या पूर्वेला सोयाबीन काढून रिकामी झालेली पट्टी आहे. दुपार कलली की तुरीची सावली पूर्वेकडे पडते. पोरीला तुरीकडे पाठ करून, दोन पावलांवर उभी करा. सूर्य तुरीच्या मागे, तिच्या तोंडासमोर पूर्वेचं मोकळं आभाळ आणि उन्हात न्हालेले सोयाबीनचे धसकट. म्हणजे वरून आभाळ, खालून धसकट, दोन्ही कामाला लागले. तूर त्या दिवसांत फुलोऱ्यावर येत असते, मागून ऊन लागलं की पिवळी फुलं पेटल्यासारखी दिसतात.

इथे एक बारीक गंमत आहे. तूर पाच फूट आणि पोरगी सव्वातीन फूट धरली तर साडेचारच्या उन्हात ती तुरीपासून दोन पावलांवर पूर्ण सावलीत असते. तिला हळूच पुढे घेत जा. एका जागी असं होतं की चेहरा अजून सावलीतच, पण डोक्यावरच्या मोकळ्या केसांच्या कडेला ऊन शिवतं. आणखी अर्धं पाऊल, की ऊन कानाच्या पाळीवर येतं आणि पाळी लालसर दिसायला लागते. तिथे थांबायचं. त्यापुढे गेलात तर गालावर उन्हाचा पट्टा पडतो आणि फोटो बिघडतो. ही जागा दर दहा मिनिटांनी सरकते, म्हणून खुणेचा दगड ठेवण्यात अर्थ नाही, कानाची पाळी बघत राहायची. तुम्ही समोर उकिडवे बसाल तेव्हा तुरीवरून ऊन थेट लेन्सवर येईल आणि फोटो धुरकट होईल. लेन्सच्या काचेवर सावली पडेल अशी टोपी किंवा हात आड धरा. घरातलं कोणी धरायला असेल तर उत्तम, त्यांनाही काहीतरी काम मिळतं.

तुरीच्या दोन तासांच्या मध्ये उभं करायचा मोह मात्र टाळा. मोबाईलवर बघताना छान हिरवी गल्ली दिसते. पण दोन्ही बाजूंचं आभाळ तुरीने झाकलं जातं, उजेड फक्त डोक्यावरून येतो आणि डोळे दोन काळी भोकं होतात. शिवाय हिरव्या पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्याला आजारी हिरवट रंग देतो. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत हाच घोटाळा होतो. फळं लगडलेली असतात, सगळ्यांना पोराला आत झाडाखालीच उभं करायचं असतं. आत जाऊ नका. बागेच्या कडेच्या झाडापाशी, बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवा, संत्री मागे दिसतीलच.

झाडांच्या सावलीचंही तसंच. कडुनिंब, बाभूळ, चिंच यांची पानं बारीक, सावलीत उन्हाचे ठिपके पडतात. एक ठिपका नाकावर बसला की संपलं. आंबा आणि वड यांची सावली दाट, भरीव. पण तिथेही बुंध्याला टेकवून उभं करू नका. सावलीची जिथे हद्द संपते त्या काठावर, बाहेर तोंड करून. पळस फुलला की सगळे धावतात. फुललेल्या पळसाला पानं नसतात, म्हणजे सावलीही नाही, तेव्हा तो बेत सकाळी लवकरचाच ठेवायचा.

वावरात जाणं जमलंच नाही तर गोठा. मी हे गमतीने म्हणत नाही. पत्र्याच्या गोठ्याचं किंवा सपरीचं तोंड म्हणजे फुकटचा स्टुडिओ आहे. पोरीला दारापासून हातभर आत बसवा, तोंड बाहेर. मागे गोठ्याचा अंधार, कोणतीही घाण, दोरी, ड्रम दिसत नाही. समोरून सगळं आभाळ. भर दुपारी बारालाही हा फोटो येतो, फक्त ऊन थेट आत येत नसलेली बाजू निवडायची.

वेळेचं म्हणाल तर घड्याळापेक्षा सावली बघा. पोरीची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट झाली की कॅमेरा बाहेर काढायचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुमच्याकडे हे साडेतीनच्या सुमारास होतं. साडेचारला सावली चौपट होते आणि पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो. गोंदियाच्या पाहुण्यांनी सांगितलेली वेळ बुलढाण्यात चालवू नका, दोन्हींत रेखांशाचा चार अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्यास्तात साधारण १६ मिनिटांचा. सकाळचा उजेडही तितकाच चांगला, पण सकाळी पऱ्हाटी दवाने ओली असते आणि चार वर्षांचं पोर उठल्यावर अर्धा-एक तास तोंड फुगवून बसतं. मी लहान मुलांना संध्याकाळच देते.

हिवाळा या कामाला सोयीचा का, तेही सांगते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला आपल्याकडे भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या जरासाच वर असतो, तिरकाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात तो थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच मावते. तेव्हा सकाळी आठनंतर उघड्यावर फोटो नाहीत, आणि फोटोसाठी पोराला उन्हात नेणंही नाही. उन्हाळ्यात येणार असाल तर गोठ्याचं तोंड आणि ओसरी, बस्स.

जमलं तर एखाद्या वर्षी दिवाळीऐवजी तान्ह्या पोळ्याला या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी नेतात, हे विदर्भाबाहेर फारसं कुठे बघायला मिळत नाही. पोरांना त्या दिवशी पोज द्यायला सांगावंच लागत नाही, त्यांचं सगळं लक्ष बैलाच्या झुलीत आणि मिळणाऱ्या पैशांत. आभाळ ढगाळ असेल तर उजेड सगळीकडून सारखा येतो, सूर्य शोधायची भानगड नाही. फक्त पांढरं फटक आभाळ फोटोत घेऊ नका. जरा वरून काढा, ओली माती आणि हिरवळ मागे येऊ द्या.

आता कॅमेरा. पोरगी हलते कारण ती चार वर्षांची आहे, त्यावर इलाज तिच्याकडे नाही, शटरकडे आहे. डीएसएलआर शटर प्रायॉरिटीवर ठेवा, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवता, बाकी कॅमेरा बघतो. कॅननमध्ये टीव्ही आणि निकॉनमध्ये एस. उभी किंवा बसलेली असेल तर १/२५० सेकंद, चालत-धावत असेल तर १/५००, उड्या मारत असेल तर १/१०००. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा १६०० किंवा ३२००. फोकस सतत पाठलाग करणारा, म्हणजे एआय सर्व्हो किंवा एएफ-सी, आणि जुन्या कॅमेऱ्यात फक्त मधला बिंदू, तोच सगळ्यात भरवशाचा असतो. बिंदू डोळ्यावर. एका दाबात तीन-चार फोटो निघतील असं ठेवा. लेन्सचा झूम ५५ वर न्या आणि तिथेच ठेवा. १८ वर ठेवून जवळ गेलात तर नाक मोठं आणि कान गायब. ५५ वर तुमची लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणून मागचं धूसर हवं असेल तर पोरीला तुमच्या जवळ आणि मागच्या झाडांपासून लांब घ्या. ती तुमच्यापासून चार पावलं, मागचं शिवार तीस-चाळीस पावलं. तुरीजवळच्या फोटोत तूर जरा स्पष्ट येईल, येऊ द्या, ती तूर आहे हे कळायलाच हवं.

मोबाईलवाल्यांसाठी. आधी लेन्स पुसा, सुती कापडाने. धुरकट फोटोंपैकी बरेच लेन्सवरच्या तेलकट बोटांच्या डागांमुळे येतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो, मग सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवून चेहरा ठीक करा. बोटांनी चिमटा सोडून झूम करू नका, दोन पावलं चालत जा. पोर्ट्रेट मोड उभ्या पोरासाठी ठीक, धावत्यासाठी नाही. तो विस्कटलेले केस आणि कानातले डूल कापून टाकतो. सूर्य बुडाल्यावर मोबाईल उजेड मिळवण्यासाठी शटर मंद करतो, तेव्हा धावपळीचे फोटो आधी काढून घ्या. बुडाल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या पोराचा चेहरा फार सुंदर येतो, पण ते बसलं तर.

कॅमेऱ्याचा एक स्वभाव दोघांनाही लागू आहे. तो समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं करायला बघतो. मागे काळी माती भरून असली की तो सगळं उजळवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो, तेव्हा उजेड थोडा कमी करा, डीएसएलआरच्या +/- बटणाने उणे ०.७ च्या आसपास, मोबाईलवर ते सूर्याचं चिन्ह खाली सरकवून. मागे फुटलेला कापूस किंवा आभाळ असलं की तो सगळं अंधारवतो, चेहरा काळा, तेव्हा अधिक १. मागच्या वर्षीचे तुमचे काळे चेहरे बहुधा याच जातीचे असावेत. आभाळ पांढरं झालं तरी चालेल, चेहरा बघा.

काळी माती नुसती अडचणच करते असं समजू नका, तिचा उपयोगही आहे. नुकतंच वखरलेलं, ओलसर वावर असेल तर पोरीला त्यात मातीशी खेळत बसवा आणि तुम्ही उभे राहून वरून काढा. मागे एकसारखी गडद जमीन, दुसरं काही नाही. तिने मान वर करून बघितलं की चेहरा थेट आभाळाला सामोरा जातो, दोन्ही डोळ्यांत आभाळाचा पांढरा कवडसा येतो आणि खालून उजेड नसल्याची उणीव भासतच नाही. एरवी मात्र तिच्या डोळ्यांच्या उंचीवर उतरायचं. जीन्सचे गुडघे मळणार, ते धरूनच चला.

आणि आता पोर. निम्मं काम इथे आहे आणि कॅमेरावाले सगळ्यात कमी बोलतात ते याच विषयावर.

पुण्याची पोरगी वावरात आली की तिला आधी माती, किडे, ढोरांचा वास, सगळ्याचं नवल आणि थोडी भीती असते. पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा. आबाजींच्या बोटाला धरून तिला हिंडू द्या, बंडीत बसू द्या, चिखलात एकदा पडू द्या. दुसऱ्या दिवसापासून ती वावराची मालकीण असते.

मग तिला उभी करून "हस ना" म्हणू नका, काम द्या. खरं काम, ज्याचा शेवट तिला समजतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचा चालू असेल तर आबाजींची टोपी तिच्या हातात द्या आणि सांगा, ही भरून आजीला नेऊन दे. फुटलेल्या बोंडातला कापूस पहिल्यांदा ओढताना पोर काय करतं ते बघण्यासारखं असतं. आधी चिमटीने टोक धरते. कापूस सुटत नाही, तंतू लांबत जातो, ती भुवया आवळते, ओठ दाबते, दुसरा हात मदतीला येतो आणि एकदम सगळं हातात येतं, कधीकधी ती मागे धपकन बसते. त्या चार-पाच सेकंदांत तुमचं बोट शटरवर हवं. यातला एकही भाव मागून मिळत नाही. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं टोचतात, ते आधी आजीने एकदा दाखवावं. एक टोपी भरेपर्यंत वीस मिनिटं जातात, आणि या वयाच्या पोराकडून त्याहून जास्त वेळ मागायचाही नाही.

कापूस नसेल तर मुंगळ्यांची रांग कुठे जाते ते शोधणं, धुऱ्यावरची बोरं गोळा करणं, बैलाला लांबून कडब्याची पेंडी टाकणं. वाटेल ते, फक्त कामाची जागा आधी तुम्ही उजेड बघून निवडायची. टोपी घेऊन ती आजीकडे जाणार ना? मग आजीला अशा ठिकाणी बसवा की पोरीची वाट उजेडाकडे तोंड करून जाईल. माझं सगळं दिग्दर्शन एवढंच असतं, आजीला कुठे बसवायचं.

दुसरी अट घरच्या मंडळींसाठी. कॅमेऱ्यामागे काका, मावशी, आत्या असे सहा जण उभे राहून "ए पिल्लू, इकडे बघ, अगं इकडे, टाळ्या, टाळ्या" करतात. पोर सहा दिशांना बघतं आणि प्रत्येक फोटोत नजर भलतीकडेच. बोलणारा एकच माणूस, तोही लेन्सच्या अगदी शेजारी. बाकीच्यांना चहा प्यायला पाठवा. रागावतील, फोटो बघून विसरतील.

झोपेच्या आणि भुकेच्या वेळा आईला विचारा आणि त्या पाळा. दुपारची झोप झालेली, पोटात काहीतरी पडलेलं, ही वेळ आपोआप साडेतीन-चारला येते. रुसली, रडली तर एखादा रडतानाचा फोटोही काढा, पण रडवून नको.

कपडे सुती, एका रंगाचे. चमकणारा नायलॉनचा लाल फ्रॉक हनुवटीखाली लाल उजेड टाकतो. फुटलेल्या कापसात पांढरा फ्रॉक हरवतो, तिथे गडद निळा किंवा विटकरी घाला. काजळ, तीट राहू द्या.

पायात बूट किंवा सँडल हवेतच, अनवाणी फोटो कितीही गोड दिसला तरी. धुऱ्यावर गोखरू असतो, बाभळीचे काटे असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळलेलं कुसळी गवत मागून ऊन लागलं की सोन्यासारखं चमकतं आणि सगळ्यांना पोराला त्यात बसवायचं असतं. ती कुसळं फ्रॉकच्या शिवणीत शिरतात आणि मग अंगात. गवत मागे ठेवा, पोर वाटेवर.

या बाकीच्या गोष्टींत मात्र मी कोणाशी वाद घालत नाही. शेततळ्याच्या काठावर पोराचा फोटो नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार निसरडा असतो, पडलेलं मोठं माणूससुद्धा धरायला काही नसल्याने वर येऊ शकत नाही. बिनकठड्याच्या विहिरीजवळ नाही. रानडुकरांसाठी झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी, तार लावलेली असेल तर ती कोणत्या धुऱ्यावर आहे ते आधी विचारा. कपाशीत जाण्याआधी शेवटचा फवारा कधी झाला ते आबाजींना विचारा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि आपण तिथे पोराला बोंडं हाताळायला लावतोय. आठवड्याभरातला फवारा असेल तर मी ते वावरच सोडते. गवतात, कुटाराच्या ढिगाजवळ, दगडांच्या राशीपाशी आधी मोठ्या माणसाने काठी आपटून यायचं. नाग, घोणस, मण्यार यांना फोटोचं काही पडलेलं नसतं. चंद्रपूर, गडचिरोलीकडे किंवा कुठेही जंगलाला लागून वावर असेल तर सूर्य बुडायच्या आधीच घरी. ते बुडाल्यानंतरचे पंधरा-वीस मिनिटांचे सुंदर फोटो अंगणात काढा.

फोटो झाल्यावर एक मागणी हमखास येते, "थोडं गोरं करून द्या ना." माझ्या स्टुडिओत मी ते करत नाही आणि तुम्हीही मोबाईलमधला ब्यूटी मोड आधीच बंद करा. तो गाल गुळगुळीत करतो, रंग उडवतो, आणि दुपारभर उन्हात खेळून आलेल्या पोराच्या गालावरची ती तांबूस झाक पुसून टाकतो. सावळ्या कातडीवर तिरका उजेड जसा चमकतो तसा गोऱ्या कातडीवर चमकत नाही, हे कोणीही फोटोग्राफर सांगेल. दुरुस्ती करायचीच तर स्नॅपसीडमध्ये हिरवट झाक काढून रंग जरासा उबदार करा, पुरे.

गावातली चार पोरं फोटोत येणारच. त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकू नका, आणि त्यांना एक-एक प्रत द्या. तुमच्या मुलीचे टाकायचे असतील तर आंघोळीचे, उघड्या अंगाचे नकोत, आणि शाळेचं नाव असलेला गणवेश, बिल्ला दिसत असेल तर तेही नकोत.

नातेवाइकांना फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटतो आणि तोच घटलेला फोटो कोणीतरी लॅबमध्ये नेतं. प्रिंटच्या वेळी आणखी एक फसगत होते. मोबाईलचा फोटो बहुतेक ४:३ मापाचा असतो आणि आपल्याकडची नेहमीची प्रिंट ४ बाय ६ इंचांची, म्हणजे ३:२. लॅबवाला लांब बाजूने बसवतो तेव्हा आडव्या फोटोत वरून-खालून आणि उभ्या फोटोत दोन्ही कडांनी पट्टी कापली जाते. डोक्यावर आणि बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडून फोटो काढलात तर आजीच्या भिंतीवरच्या प्रिंटमध्ये कापसाची टोपी अर्धी कापलेली दिसणार नाही.